कुर्लीची परतवाट

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी सरावासाठी अंथरलेला ट्रॅक हा मुळात जत्रेतल्या नाटकाचा फ्लेक्स होता. जत्रा संपल्यावर तो देवळाच्या मागच्या खोलीत गुंडाळून पडला होता. अकरावीतल्या तिघांनी देवस्थानच्या माणसांना विचारून तो आणला, उलटा अंथरला आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळ्या इन्सुलेशन टेपच्या दोन-दोन पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवून वळणावळणांची एक रेषा तयार केली. या रेषेवरून त्यांची छोटी गाडी आपली आपण चालायला हवी होती. ती चालायचीही, फक्त एका सरळ पट्ट्यावर, जिथे अडखळण्याचे काहीच कारण दिसत नव्हते, तिथे दर फेरीला डावीकडे एक हिसका खाऊन पुन्हा सावरायची. मुलांनी चाके तपासली, तारा तपासल्या, प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. दोन दिवसांनी कोणीतरी सहज फ्लेक्सचा कोपरा उचलून खाली डोकावले, तेव्हा कळले की त्या जागेच्या बरोबर खाली नाटकाच्या नायकाची दाट मिशी छापलेली होती. उलट्या बाजूने आमच्या डोळ्यांना ती पुसटसुद्धा जाणवत नव्हती. गाडीला जाणवत होती.

मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गोव्यातल्या शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची सरकारी योजना आल्यापासून आठवी-नववीच्या मुलांच्याही तोंडी सेन्सर आणि मोटर हे शब्द रुळले आहेत. माझ्या पिढीच्या शिक्षकाला मात्र त्यांच्यामागून धावावे लागते. त्यामुळे ‘आंतरविद्यालयीन स्पर्धेला आम्हांला घेऊन चला’ असे या तिघांनी म्हटले, तेव्हा मी मार्गदर्शक म्हणून सही केली एवढेच. मार्गदर्शन बहुतेक उलट्या दिशेने झाले. तिघांची कामे आपोआप वाटली गेली होती. एक मुलगी प्रोग्राम लिहायची. एक मुलगा सोल्डरिंग, चाके आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पाहायचा. तिसरा मुलगा फारसे बोलत नसे. तो दोनशे पानी वहीत आकडे लिहायचा.

मिशीचा उलगडा त्याच्याच वहीतून झाला. अशा गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून अर्ध्या-एक सेंटिमीटरवर, सेन्सरांची एक रांग असते. आमच्या गाडीला पाच होते. प्रत्येक सेन्सरमध्ये शेजारी-शेजारी दोन बारके मणी असतात. एक अवरक्त प्रकाश सोडतो, दुसरा परत आलेला प्रकाश टिपतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून बराच प्रकाश परततो, काळ्यावरून फारच थोडा, आणि त्या फरकातून निर्माण होणारा व्होल्टेज गाडीचा मेंदू असलेला आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड ० ते १०२३ यांमधल्या एका आकड्याच्या रूपात वाचतो. आमच्या जोडणीत प्रकाश जितका जास्त तितका आकडा लहान यायचा: फ्लेक्सच्या पांढऱ्यावर साधारण ८०, टेपच्या काळ्यावर साधारण ७५०. मिशीच्या जागी १७०. आता ८० आणि ७५० यांच्या मध्ये कुठेतरी एक सीमा ठरवावी लागते, जिच्या खाली पांढरे आणि जिच्या वर काळे. मुले तिला थ्रेशोल्ड म्हणतात. मराठीत आपण उंबरठा म्हणू. मुलांनी हा उंबरठा १५० वर ठेवला होता. का, असे विचारल्यावर मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, “सर, इंटरनेटवरच्या कोडमध्ये तेवढाच होता.” तो उंबरठा ४०० वर नेला, आणि मिशी गाडीच्या लेखी पांढरी झाली.

मला या प्रकारात रस वाटू लागला तो इथून. कोणाच्या तरी टेबलावर, कोणत्या तरी दिव्याखाली खरा ठरलेला आकडा आमच्याकडे आला होता आणि आम्ही तो निसर्गनियमासारखा स्वीकारला होता. मी वर्गात ‘गृहीत धरा’ हे शब्द दिवसातून दहादा उच्चारतो. घर्षण नाही असे गृहीत धरा, दोरी वजनरहित आहे असे गृहीत धरा. पण तिथे निदान आपण काय गृहीत धरले ते फळ्यावर लिहिलेले असते. या गाडीत शिरलेली गृहीतके कोणीच कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती नेमकी कोणती हे गाडी रस्ता सोडेपर्यंत कळायचा मार्गही नव्हता.

याची पहिली चुणूक टेप आणण्याआधीच मिळाली होती. सुरुवातीला मुलांनी रेषा मार्करने काढली. रेषा डोळ्यांना काळीभोर दिसत होती, पण गाडी तिच्यावरून अशी गेली की जणू तिथे काही नव्हतेच. काही मार्करांची शाई दृश्य प्रकाश शोषते, पण अवरक्त प्रकाश तिला फारसा अडवता येत नाही. काजळीसारखे कार्बनचे रंगद्रव्य असलेला काळा दोन्ही शोषतो. म्हणजे काळ्याचेही प्रकार. सेन्सरचा मणी जळतो आहे की नाही हेही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मोबाइलचा कॅमेरा लावायचा, पडद्यावर जांभळट ठिपका दिसला की तो चालू आहे असे समजायचे. मुलांना ही युक्ती माहीत होती, मला नव्हती.

सोल्डरिंग करणाऱ्या मुलाचे शिक्षण वेगळ्याच शाळेत झाले होते. आमच्या भागात दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतून नरकासुर उभे राहतात, आणि नुसता उभा राहणारा नरकासुर आता कोणाला पुरत नाही. त्याची मान वळली पाहिजे, हात वर गेला पाहिजे, जमल्यास डोळे फिरले पाहिजेत. हा मुलगा सहावीपासून गाड्यांच्या जुन्या वायपर मोटरी नरकासुराच्या खांद्यात बसवत आला आहे. वजन कुठे टाकले की सांगाडा कलंडतो, स्क्रू किती आवळला की प्लॅस्टिकला चीर जाते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. त्याने बॅटरी मागे घेतली, पुढे चहूकडे वळणारे एकच कॅस्टर चाक ठेवले आणि सेन्सरांची पट्टी चाकांपासून जरा लांब पुढे काढली, म्हणजे वळण गाडीच्या आधी पट्टीला कळेल. फक्त एकच बाब त्याला नवी होती. “नरकासुराला एकच रात्र चालायचं असतं, सर,” तो म्हणाला. “बिघडला तरी पहाटे जाळायचाच असतो.” जाळण्यापूर्वी मोटर मात्र न विसरता काढून घेतात, हेही त्याने सांगितले.

गाडीला पिवळ्या खोळीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या दोन बीओ मोटरी होत्या. सारख्याच दुकानातून, सारख्याच किमतीला घेतलेल्या या दोन मोटरी एकाच वेगाने फिरल्या तर तो योगायोग समजावा. आमची उजवी जरा आळशी होती. त्यामुळे पहिल्या दिवशी गाडी रेषेवर आली, पण अंग तिरके करून, एका बाजूला सरकत-सरकत. चासीतून बाहेर आलेल्या तारा, पुढे काढलेली पट्टी आणि ही तिरकी चाल पाहून तिचे नाव कुर्ली पडले. गोव्याबाहेरच्या वाचकांनी खेकडा समजावे. अर्थात पावसाळ्यात आमच्याकडच्या कुर्ल्या खाल्लेल्या माणसाला त्या शब्दात फार काही हरवल्यासारखे वाटेल.

कुर्लीची चाल सुधारली ती पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) नावाच्या पद्धतीने. पाच सेन्सरांपैकी रेषा कोणाच्या खाली आहे यावरून गाडी मध्यापासून किती ढळली ते कळते. ढळण जितकी मोठी तितके वळण मोठे, हा झाला पी. एवढ्यावर गाडी चालते, पण दारुड्यासारखी: डावीकडे गेली म्हणून उजवीकडे ओढायची, उजवीकडे जास्त गेली म्हणून डावीकडे. ढळण किती झपाट्याने बदलते आहे ते पाहून वळण आधीच सैल करणे हा डी. आणि ढळण थोडीच, पण सतत एकाच बाजूला राहत असेल, तर तिची बेरीज करत जाऊन हळूहळू कायमची दुरुस्ती लावणे हा आय. आमच्या आळशी उजव्या मोटरीवरचा उतारा हाच होता. मी हे फळ्यावर लिहिले, मुलांनी माना डोलावल्या, आणि कोणालाच, मलाही, ते खऱ्या अर्थाने समजले नव्हते.

ते समजले स्पर्धेच्या सकाळी, मांडवी नदीच्या मध्यावर. आम्ही मयेहून बसने चोडणच्या धक्क्यावर आलो आणि रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो. कुर्ली पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुना टॉवेल. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होते. फेरीबोट धक्क्यावरून सुटली तेव्हा तिचे नाक रायबंदरच्या धक्क्याकडे नव्हतेच. ते बरेच डावीकडे, जुन्या गोव्याच्या बाजूला कललेले होते, आणि तरीही बोट सरळ समोरच्या धक्क्याकडेच निघाली होती. या फेरीने मी आयुष्यात शेकडो वेळा गेलो असेन, पण हे कधी लक्षात घेतले नव्हते. प्रोग्राम लिहिणारी मुलगी वर केबिनमधल्या सुकाणूवरच्या माणसाकडे टक लावून पाहत होती. तो चाक फारसे फिरवतच नव्हता. एकदा कललेले नाक त्याने तसेच धरून ठेवले होते. “सर, हा आय,” ती म्हणाली. मग किनारा जवळ आला, तिथे पाण्याची ओढ कमी झाली, नाक धक्क्याकडे वळू लागले, आणि ते पुरते वळण्याच्या आधीच त्याने चाक उलट्या बाजूला दिले. “आणि हा डी.” रॅम्प धक्क्याला टेकला तेव्हा खोके हलले सुद्धा नाही.

मी तिला तेव्हा सांगितले की ही तुलना तिची एकटीची नाही. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने जहाजे आपोआप वळवण्याविषयी निबंध लिहिला, तो जहाजांच्या सुकाणूवर बसणारी अनुभवी माणसे नेमके काय करतात हे न्याहाळूनच. ही माणसे जहाज आत्ता किती ढळले एवढेच पाहत नाहीत, आतापर्यंत किती ढळत आले आणि पुढच्या क्षणी किती ढळणार याचाही अंदाज घेतात, असे त्याच्या लक्षात आले. त्या तिन्हींचे गणित त्याने मांडले आणि ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर त्याच्या यंत्रणेची चाचणीही झाली. आज कारखान्यांतल्या भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत हेच गणित चालते. मुलीने ऐकून घेतले, पण तिचे लक्ष फेरीच्या माणसाकडेच होते. मला ते योग्यच वाटले.

स्पर्धा तिसवाडी तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात होती. नियम सोपे होते. पांढऱ्या फ्लेक्सवर तीन सेंटिमीटर रुंदीची काळी रेषा, मध्ये वळणे, एके ठिकाणी रेषा तुटलेली, आणि एका जागी रेषेवरच ठेवलेले खोके. गाडीने रेषा धरून जायचे, खोके आले की त्याला न शिवता वळसा घालायचा, पुन्हा रेषेवर येऊन शेवटच्या चौकोनात थांबायचे. दोन संधी, प्रत्येकी तीन मिनिटे; हात लावला तर दर वेळी दहा सेकंदांचा दंड.

खोके ओळखण्यासाठी गाडीच्या कपाळावर दोन गोल डोळ्यांचा श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) सेन्सर असतो. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानांना न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती मायक्रोसेकंदांनी आला ते मोजतो. त्या आकड्याला ५८ ने भागले की सेंटिमीटर मिळतात. या ५८ मध्येही एक गृहीतक दडलेले आहे, कारण हवेतला ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. आमच्या उकाड्यात तो ३५० च्या जवळ जातो. मिशीच्या प्रकरणाने पोळलेल्या वहीवाल्या मुलाने याचाही हिशेब करून ठेवला होता: २० सेंटिमीटरवरच्या खोक्यासाठी फरक फार तर चार मिलिमीटर. म्हणजे काही गृहीतके निरुपद्रवीही असतात, त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. खरा घोळ कापडाचा. दप्तर अडथळा म्हणून ठेवले तेव्हा कुर्लीने त्याला सरळ धडक दिली होती, कारण मऊ कापडातून पुरेसा प्रतिध्वनी परतत नाही.

आमची पहिली संधी अकरा वाजून वीस मिनिटांनी आली. कुर्ली निघाली ती मुलांनी कधी न पाहिलेल्या वेगाने. पहिले वळण तिने डोलत घेतले, दुसरे जास्त डोलत, आणि तिसऱ्या वळणावर ती रेषा सोडून सरळ पुढे गेली, फ्लेक्सच्या कडेपर्यंत. उचलून परत ठेवली, दंड घेतला. पुन्हा तिथेच. “सर, तिका दिसना!” मुलगी ओरडली. आणि खरेच, त्या वळणावर, रेषेच्या बरोबर मध्ये, दक्षिणेकडच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा वहीच्या पानाएवढा तुकडा पडला होता. सकाळी आम्ही आलो तेव्हा पडदे ओढलेले होते. मध्यंतरी उकाडा झाला म्हणून कोणीतरी एक बाजूला सारला असणार, आणि उकाडा खरोखरच होता. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. सेन्सरच्या टिपणाऱ्या मण्याला तो आपल्या जोडीदाराने पाठवलेला आहे की सूर्याने, हे समजत नाही. त्याला फक्त उजेड कळतो. त्या तुकड्यात आमच्या काळ्या रेषेचा आकडा ७५० वरून ३०० च्या आसपास उतरला होता. उंबरठा ४००. गाडीच्या लेखी तिथे रेषा नव्हती.

आमची प्रयोगशाळा उत्तरेकडे तोंड करून आहे. तिथे फारसे ऊन येत नाही, आणि ते मला इतकी वर्षे सोयीचेच वाटत आले होते.

दुसऱ्या संधीला पाऊण तास होता. मला या स्पर्धेतला सर्वांत चांगला भाग कोणता असे कोणी विचारले तर मी हा पाऊण तास सांगेन. तो प्रेक्षकांना दिसत नाही आणि त्याला गुणही नसतात. सभागृहाच्या मागच्या भागात तीसेक टेबले, प्रत्येकावर एक्स्टेन्शन बोर्ड, उघडे लॅपटॉप, सोल्डरच्या धुराचा वास, आणि एकमेकांकडे ग्लू गन मागत फिरणारी मुले. तयार किट घेऊन आलेले काही संघ सकाळी आमच्याहून फार पुढे होते. ऊन आल्यावर त्यांच्यापैकी काहींना आपल्या गाडीत कुठे हात घालायचा हेच कळेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुले आपले काम टाकून त्यांच्या मदतीला गेली. किट वापरू नये असे मी म्हणत नाही. आमचा उंबरठाही उसनाच होता.

आमच्या टेबलावर वहीवाल्या मुलाने काही न बोलता वहीचा मागचा पुठ्ठा फाडला. सोल्डरवाल्याने त्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर काळी टेप गुंडाळली आणि सेन्सरांच्या भोवती जमिनीपासून तीन-चार मिलिमीटर वर लोंबणारी झालर लावली, म्हणजे बाजूचे ऊन आत शिरणार नाही. मुलीने उंबरठ्याचा आकडाच काढून टाकला. आता गाडी सुरुवातीला चार सेकंद रेषेवर डावी-उजवीकडे मान हलवणार, प्रत्येक सेन्सरने पाहिलेला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवणार आणि आपला उंबरठा आपण ठरवणार. वहीवाला दरम्यान खिडकीपाशी जाऊन आला. उन्हाचा तुकडा पूर्वेकडे सरकतो आहे, आपली पाळी येईपर्यंत तो तिसरे वळण सोडून पुढच्या सरळ पट्ट्यावर असेल, असे त्याने सांगितले. तसेच झाले.

डोलण्याचे कारणही तेव्हाच सापडले. घरी रात्री-रात्री सराव करताना गाडीचे दोन सेल निम्मे उतरलेले असायचे. पीआयडीचे सगळे आकडे त्या थकलेल्या वेगाला जुळवलेले होते. स्पर्धेचा दिवस म्हणून सोल्डरवाल्याने ते रात्रभर लावून पुरते चार्ज केले, म्हणजे दोन्ही मिळून ८.४ व्होल्ट. त्याच्या काळजीने गाडी बिघडली होती. त्याला हे समजले तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना, मुलीने मात्र वेगाचा आकडा थोडा खाली आणला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी आपण वाईटच बॅटरी आणू या.”

दुसऱ्या फेरीत कुर्ली देखणी चालली, आणि हे मी शिक्षकाच्या पक्षपाताने म्हणत नाही. तिसरे वळण तिने सहज घेतले, उन्हाच्या तुकड्यातून झालर मिरवत गेली, तुटलेली रेषा ओलांडली. खोक्यासमोर वीस सेंटिमीटरवर थांबली, डावीकडे वळली, पुढे गेली, उजवीकडे वळली, खोक्याच्या बाजूने पुढे आली, पुन्हा उजवीकडे वळून रेषेच्या शोधात निघाली. घरी आम्ही खोके नेहमी सरळ पट्ट्यावर ठेवायचो. इथे त्याच्या लगेच पुढे रेषा घोड्याच्या नालेसारखी उजवीकडे वळून परत येत होती. कुर्ली नालेच्या अलीकडच्या बाहूवर पोचली, पण वेग अजूनही जरा जास्त होता. रेषा सेन्सरांखालून निसटली, ती नालेच्या पोटातून आडवी गेली आणि तिला सापडला पलीकडचा बाहू. रेषा सापडली की डावीकडे वळायचे, असे मुलीने लिहिले होते. अलीकडच्या बाहूवर डावीकडे म्हणजे पुढे. पलीकडच्या बाहूवर डावीकडे म्हणजे मागे.

कुर्ली डावीकडे वळली आणि अत्यंत सफाईने परत निघाली. नाल उलटी फिरून ती खोक्याच्या दुसऱ्या बाजूला आली, थांबली, पुन्हा तसाच नेटका वळसा घातला, रेषेवर आली, तुटलेला भाग ओलांडला, उन्हातून गेली, तिन्ही वळणे घेतली आणि जिथून निघाली होती त्या चौकोनात येऊन उभी राहिली. सबंध सभागृह टाळ्या वाजवत होते. वेळ मोजणाऱ्या स्वयंसेवकाचा अंगठा घड्याळावर तसाच अधांतरी राहिला होता, कारण या प्रसंगाविषयी नियमांत काही नव्हते.

मला त्या क्षणी जाणवले ते हे की गाडीने एकही चूक केलेली नव्हती. तिला रेषा धरायला सांगितले होते, तिने धरली. खोके चुकवायला सांगितले होते, एकदा नव्हे दोनदा चुकवले. पुढे जायचे आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. कागदावरच्या रेषेला आरंभ आणि शेवट आपण देतो. ते इतके उघड असते की प्रोग्राममध्ये लिहायचे सुचत नाही. खोक्यापाशी तर पेच आणखी वाढतो. तोवर गाडीला शिकवलेले सगळे ज्ञान म्हणजे ‘रेषा सोडू नकोस’, आणि तिथे तिला ती जाणूनबुजून सोडायची असते. दोन आज्ञा परस्परविरोधी आल्या की कोणती वरची, हा यंत्रमानवशास्त्रातला जुना प्रश्न आहे. रॉडनी ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये त्यावर थरांची रचना सुचवली, जिच्यात धडक टाळणे हा सर्वांत खालचा, सदैव जागा असलेला थर, आणि कुठे पोचायचे हे त्याच्या वरचे थर ठरवतात. आमच्या कुर्लीत खालचे थर चोख होते. वरचा थर आमच्या तिघांच्या डोक्यात राहिला होता. माझ्या धरून चौघांच्या.

पहिला क्रमांक मिळालेली गाडी सगळ्यांत संथ होती. तिच्या संघातल्या मुली सकाळी तासभर आधी आल्या होत्या, आणि आम्ही भाजी-पाव खात होतो तेव्हा गाडी हातात घेऊन एकेका खिडकीजवळ उकिडव्या बसत सभागृहभर फिरत होत्या. आम्ही त्यांना पाहिले होते. त्या काय करत आहेत हे विचारावेसे आम्हांला वाटले नव्हते.

परतताना सोल्डरवाला गप्पच होता, म्हणून रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहत असताना मी त्यांना २००४ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोजावीच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत ठेवली. मार्ग दोनशे किलोमीटरहून अधिक लांब होता, बक्षीस दहा लाख डॉलरचे होते, आणि मोठमोठ्या विद्यापीठांच्या गाड्यांपैकी एकही शेवटपर्यंत गेली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडीसुद्धा बारा किलोमीटर पुरे होण्याआधी एका वळणाच्या कडेला अडकून पडली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत पाच गाड्या अखेरपर्यंत पोचल्या. “पण सर, परत कोणाची आली का?” त्याने विचारले. तशी एकही आल्याचे माझ्या वाचनात नाही असे मी म्हणालो, आणि तो दिवसभरात पहिल्यांदा हसला.

फेरीबोट सुटली तेव्हा ऊन तिरपे झाले होते. वहीवाल्याने खोक्यातून कुर्ली काढली, झालर सोडवून घेतली आणि मुलीला लॅपटॉप उघडायला सांगितले. डेकच्या कडेला पिवळे-काळे पट्टे रंगवलेले असतात. तो एका काळ्या पट्ट्यावर गाडी टेकवून बसला. मोटरसायकलवाले पाय बाजूला घेऊन कुतूहलाने पाहत होते. मुलगी आकडा वाचायची, तो बिनपुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा: वेळ, जागा, पिवळ्यावर, काळ्यावर. “काळ्यावर दोनशे नव्वद.” मध्यावर आल्यावर बोटीचे नाक ओढीच्या विरुद्ध कलले, केबिनची सावली डेकवरून सरकत आमच्यापर्यंत आली आणि गाडीवर पडली. “सातशे दहा,” मुलगी म्हणाली. त्याने मला वेळ विचारली. मी पाच चाळीस सांगितली. त्याने वर केबिनकडे पाहिले, बोट आता परत वळणार आणि ऊन पुन्हा येणार हे त्याच्या लक्षात आले असावे, कारण त्याने खालची एक ओळ आधीच आखून ठेवली.